लेखनाचे काम मिळवण्यासाठी आधी पैसे भरावेत का?

"घरबसल्या लेखनाचे, अनुवादाचे किंवा टंकलेखनाचे काम देतो, त्याआधी नोंदणीचे एवढे पैसे भरा, असा संदेश आला आहे. भरावेत का?" मराठी विषय घेऊन शिकणारे विद्यार्थी आणि नव्याने अनुवादाकडे वळलेले तरुण हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. रक्कम कधी तीनशे रुपयांची असते, कधी पाच हजारांची. 'मुळीच भरू नका' हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर ठरते, पण ते पुरेसे नाही. विचारणारा लगेच म्हणतो, "मग अमुक संकेतस्थळही पैसे घेते, ते तर जगप्रसिद्ध आहे." त्याचे म्हणणेही खरे असते. पैसे मागणारे सगळे एका जातीचे नसतात. ते ओळखायचे कसे आणि कुठे थोडा खर्च करणे रास्त ठरते, याची फोड या लेखात करायची आहे.

प्रश्न आपल्याकडे का उठतो

इंदूर, उज्जैन, देवास, ग्वाल्हेर या भागांत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतील मुले घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी शिकतात आणि तिन्ही भाषा सहज वाचतात. बेळगावच्या मुलाला मराठीबरोबर कन्नड येते, बडोद्याच्या मुलीला गुजराती, हैदराबादच्या मुलांना हिंदी आणि तेलुगू, गोव्यात कोंकणी. अनुवादाच्या बाजारात हे भांडवल मोलाचे आहे. मात्र मराठीतले प्रकाशक, वृत्तपत्रे, जाहिरात संस्था आणि ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ प्रामुख्याने मुंबई-पुण्यात आहेत. ओळखीतून मिळणारे काम तिथल्याच माणसांना आधी मिळते.

त्यामुळे घरी बसून, कोणाची ओळख नसताना काम मिळेल असे सांगणारा संदेश दूरच्या गावातील मराठी तरुणाला अधिक आकर्षक वाटतो. हे काम प्रत्यक्षात अस्तित्वात आहे. उपशीर्षके, संकेतस्थळांचा मजकूर, औषधांसोबतची माहितीपत्रके, शैक्षणिक साहित्य, मोबाईल ॲपमधील सूचना यांचा मराठी अनुवाद रोज कुठे ना कुठे होत असतो. मीही अध्यापन सांभाळून अशी कामे करतो. खरे काम आहे म्हणूनच खोट्या कामाच्या जाहिरातीवर विश्वास बसतो.

शुल्काचे चार प्रकार

माझ्या मते अशा प्रत्येक मागणीला पहिला प्रश्न विचारावा तो असा: हे पैसे नेमके कशाबद्दल आहेत? या प्रश्नाच्या उत्तरावरून चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार, मिळकतीतून कापले जाणारे कमिशन. फायव्हर हे संकेतस्थळ २०१० मध्ये सुरू झाले. तिथे आपल्या सेवेची जाहिरात लावायला पैसे पडत नाहीत. काम झाल्यावर मिळालेल्या रकमेतून संकेतस्थळ २० टक्के ठेवून घेते. हजार रुपयांचे काम केले तर हातात आठशे येतात. अपवर्क हे संकेतस्थळ ईलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या कंपन्यांच्या विलीनीकरणातून तयार झाले आणि २०१५ पासून या नावाने ओळखले जाते. त्याने २०२३ मध्ये आपले कमिशन सरसकट १० टक्के केले आणि २०२५ पासून नव्या करारांसाठी ते शून्य ते १५ टक्क्यांच्या दरम्यान, कामागणिक वेगळे ठेवले आहे. हे दर जास्त वाटतील, आणि ते तसे आहेतही. पण या व्यवस्थेत एक न्याय आहे. आपल्याला पैसे मिळाले तरच संकेतस्थळाला मिळतात. आपले काम व्हावे यात त्याचाही स्वार्थ असतो.

दुसरा प्रकार, काम शोधण्याच्या सोयीबद्दलचे शुल्क. अपवर्कवर एखाद्या कामासाठी अर्ज करायचा तर 'कनेक्ट' नावाची चिठ्ठीवजा नाणी खर्च करावी लागतात. मे २०१९ पासून एका कनेक्टची किंमत १५ सेंट आहे आणि एका अर्जाला किती कनेक्ट लागतील हे कामागणिक बदलते. अनुवादकांसाठी १९९९ पासून चालू असलेल्या प्रोझ या संकेतस्थळावर नोंदणी विनामूल्य आहे. वार्षिक सदस्यत्व घेतले तर अनुवादकांच्या यादीत आपले नाव वर येते आणि काही सोयी जास्त मिळतात. अमेरिकेतील फ्लेक्सजॉब्स हे २००७ मधले संकेतस्थळ नोकरी शोधणाऱ्याकडूनच वर्गणी घेते आणि त्या बदल्यात खोट्या जाहिराती गाळून यादी देते. या तिन्ही ठिकाणी आपण काम विकत घेत नाही, शोधण्याची जागा भाड्याने घेतो. ती फसवणूक नाही. पण ती परवडते का, याचा हिशेब ज्याचा त्यानेच करायचा असतो.

तिसरा प्रकार, शिकण्याचे शुल्क. 'आमचा अभ्यासक्रम पूर्ण करा, मग काम देऊ' असे सांगणाऱ्या संस्था खूप आहेत. इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्या वेगळ्या कराव्यात. काम मिळणारच नाही असे धरून चालले तरी हा अभ्यासक्रम एवढ्या पैशांना घ्यावासा वाटतो का? शिकवणारा कोण आहे, त्याने स्वतः काय लिहिले किंवा अनुवादले आहे, तो आपला मजकूर तपासून परत देणार आहे का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर शिक्षण म्हणून पैसे द्यावेत. कामाच्या आश्वासनासाठी देऊ नयेत.

चौथा प्रकार, काम मिळण्याची अट म्हणून मागितलेले पैसे. त्याला नावे अनेक असतात: नोंदणी शुल्क, सुरक्षा ठेव, ओळखपत्राचा खर्च, करारपत्राचा मुद्रांक, सॉफ्टवेअरचा परवाना, पहिल्या कामाच्या फायलीचे शुल्क, आगाऊ कर. 'परत मिळेल' हे आश्वासन जवळजवळ प्रत्येक वेळी जोडलेले असते. या प्रकाराला माझे उत्तर एकच आहे. एक रुपयाही देऊ नये.

या चौथ्या प्रकाराबद्दल इतके ठाम का बोलता येते, हे सांगायला हवे. काम देणारा माणूस आपल्या श्रमाचा उपयोग करून कुठेतरी पैसे मिळवणार असतो. प्रकाशक पुस्तक विकणार असतो, कंपनी आपला माल विकणार असते. आपल्याला दिलेला मोबदला हा त्याच्या धंद्याचा खर्च असतो. जो काम देण्याआधी आपल्याकडून पैसे घेतो, त्याची कमाई त्याच क्षणी झालेली असते. आपण पुढे लिहिलेल्या पानांची त्याला गरज उरत नाही. ती पाने तो वाचतही नाही.

अमेरिकेतील विज्ञानकथालेखक जेम्स मॅकडोनाल्ड यांच्या नावाशी जोडला गेलेला 'यॉगचा नियम' हेच सांगतो: पैशाचा ओघ लेखकाकडे असावा, लेखकाकडून नव्हे. तो नियम मुख्यतः पुस्तक छापून देतो म्हणून लेखकांकडूनच पैसे घेणाऱ्यांच्या संदर्भात पुढे आला. तिथल्या विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने अशा व्यवहारांवर लक्ष ठेवण्यासाठी १९९८ मध्ये 'रायटर बिवेअर' हा उपक्रमही सुरू केला. नोकरीच्या क्षेत्रातही हेच तत्त्व मान्य झालेले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ मधील १८१ क्रमांकाच्या करारातील सातव्या कलमानुसार खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये. फ्रीलान्स लेखक कायद्याच्या अर्थाने नोकर नसतो; तरी काम शोधणाऱ्या गरजू माणसाकडून पैसे घेऊ नयेत ही त्यामागची भूमिका आपल्यालाही लागू पडते.

एक हिशेब

दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे शोधण्याच्या सोयीबद्दलच्या शुल्काकडे पुन्हा वळू. तिथे खरी गरज आकडेमोडीची आहे आणि नेमकी तीच कोणी करत नाही. खालील उदाहरणात कनेक्टचा दर खरा आहे, बाकीचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत.

समजा एका अनुवादाच्या कामासाठी अर्ज करायला १२ कनेक्ट लागतात. १५ सेंटच्या दराने हे १ डॉलर ८० सेंट झाले. डॉलर ८५ रुपये धरला तर एका अर्जाचा खर्च १५३ रुपये. नव्या माणसाच्या नावावर आधीचे काम नसते, अभिप्राय नसतात. त्यामुळे त्याला वीस अर्जांमागे एक काम मिळाले असे धरू. वीस अर्जांचे ३,०६० रुपये झाले. मिळालेले काम तीन हजार शब्दांचे आहे आणि दर शब्दाला एक रुपया ठरला. एकूण ३,००० रुपये, त्यातून १० टक्के कमिशन गेले, उरले २,७००. म्हणजे काम मिळूनही ३६० रुपयांचा तोटा. प्रत्येक अर्ज लिहायला अर्धा तास लागला असेल तर दहा तासांचे श्रम वेगळेच.

आता याच हिशेबात एक आकडा बदलून पाहू. वीसऐवजी पाच अर्जांमागे एक काम मिळाले तर अर्जांचा खर्च ७६५ रुपये होतो आणि २,७०० मधून १,९३५ रुपये हाती राहतात. हाच ग्राहक दुसऱ्यांदा थेट आपल्याकडे आला तर त्या कामासाठी नव्याने अर्ज करावा लागत नाही. पूर्ण २,७०० आपले. यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, अशा ठिकाणी खर्च करायचा तो आपण इतरांपेक्षा निश्चित सरस आहोत अशाच कामांसाठी. इंग्रजी लेखाच्या सर्वसाधारण कामाला जगभरातून अर्ज येतात. हिंदीतून मराठीत किंवा कन्नडमधून मराठीत करायच्या कामाला तुलनेने फारच थोडे. दोन, फायदा पहिल्या कामात होत नाही, ग्राहक पुन्हा परतला तर होतो. म्हणून पहिले काम वेळेत आणि नीटनेटके देणे हा अर्जांवरील खर्च भरून काढण्याचा एकमेव मार्ग आहे.

जे विद्यार्थी अशा संकेतस्थळावर उतरू पाहतात त्यांना मी एक शिस्त सुचवतो. एक ठरावीक रक्कम, समजा हजार रुपये, आधी बाजूला काढावी. वहीत प्रत्येक अर्जाची तारीख, खर्च आणि निकाल लिहावा. रक्कम संपेपर्यंत एकही काम मिळाले नाही तर थांबावे आणि अर्ज, नमुने, दर यांपैकी कुठे कमी पडलो हे पाहावे. 'आणखी पाचशे टाकले की नक्की मिळेल' हा विचार मनात आला की वही उघडावी.

वर्गणी घेणाऱ्या यादीबाबत आणखी एक गोष्ट तपासावी. पैसे भरण्याआधी त्या यादीत 'मराठी' हा शब्द घालून शोध घ्यावा. परदेशी वर्गणीच्या याद्यांतील बहुतांश कामे त्या देशात राहणाऱ्यांसाठी असतात. इंदूरच्या माणसाला अमेरिकेतील नोकऱ्यांची कितीही स्वच्छ यादी मिळाली तरी तिचा उपयोग नाही. प्रोझसारख्या ठिकाणी मात्र अनुवाद संस्थांविषयी इतर अनुवादकांनी नोंदवलेले मत पाहण्याची सोय आहे; 'या संस्थेबरोबर पुन्हा काम कराल का' याला दिलेले गुण तिथे असतात. पैसे बुडवणारी संस्था आधीच ओळखता आली तर सदस्यत्वाची रक्कम एका फटक्यात वसूल होऊ शकते. पण नियमित काम मिळू लागल्यानंतरच हा खर्च करावा. पहिल्या दिवशी त्याची गरज नसते.

टंकलेखनाचा सापळा

चौथ्या प्रकारातील सर्वांत जुना आणि अजूनही चालणारा नमुना टंकलेखनाचा आहे. पूर्वी वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींतून 'घरबसल्या टायपिंग' येत असे, आता ते मोबाईलवर येते. त्याची चाल ठरलेली असते, म्हणून पायरीपायरीने सांगतो.

आधी थोड्या पैशांत नोंदणी होते, कधी ती फुकटही असते. मग करारपत्र येते. ते इंग्रजीत, बारीक अक्षरांत आणि अनेक पानांचे असते. मोबाईलवर बोट फिरवून सही घेतली जाते. नंतर पानांच्या प्रतिमा मिळतात आणि त्या ठरलेल्या दिवसांत जशाच्या तशा टंकलिखित करून द्यायच्या असतात. अक्षरे पुसट असतात, मजकुरात मुद्दाम विचित्र चिन्हे आणि चुका पेरलेल्या असतात, आणि अचूकतेची अट नव्वद टक्क्यांच्या वरची असते. मुदत इतकी कमी असते की दिवसरात्र बसावे लागते. काम पाठवल्यावर 'गुणवत्ता तपासणीत नापास' असा निकाल येतो. मग मोबदला तर मिळत नाहीच, उलट करारभंगाचा दंड मागितला जातो. नकार दिला की वकिलाच्या नावाने नोटीस येते, पोलीस केसची धमकी येते, आईवडिलांना फोन जातात.

खरा पैसा या शेवटच्या पायरीवर काढला जातो. नोंदणीचे पाचशे रुपये हे फक्त माणूस घाबरण्यासारखा आहे का हे पाहण्यासाठी असतात. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीला कॉलेजच्या परीक्षेपेक्षा या नोटिशीची धास्ती जास्त होती, आणि ती घरी सांगितली तर मराठी घेऊन काय मिळवलेस असे ऐकावे लागेल याची सर्वांत जास्त. फसवणारे नेमके याच लाजेवर जगतात.

हा सापळा ओळखण्यासाठी कायदा कळावा लागत नाही. एक साधा प्रश्न पुरतो. हे काम कोणाला आणि कशासाठी हवे आहे? छापील पानाच्या प्रतिमेवरून अक्षरे ओळखणारी साधने आज विनामूल्य मिळतात आणि ती देवनागरीही बऱ्यापैकी वाचतात. गूगलची अशी सोय कोणीही आपल्या मोबाईलवर वापरून पाहू शकतो. मग चार-दोन मिनिटांत यंत्र करू शकेल त्या कामासाठी अनोळखी माणसाला पानामागे भरघोस पैसे देणारा धंदा चालेल कसा? खऱ्या कामाच्या मागे खरी गरज दिसते: एखादे पुस्तक, एखादा माहितीपट, एखादे औषध, एखादा सरकारी नमुना. ती गरज सांगता येत नसेल तर काम नाही.

पाचशे रुपये मिळाले म्हणून

दुसरा नमुना अलीकडचा आहे आणि तो उलट दिशेने येतो. इथे आधी आपल्यालाच पैसे मिळतात. टेलिग्रामवर एखाद्या गटात घेतले जाते. चार ओळींचा अभिप्राय लिहा, चित्रफितीला पसंती द्या, अशी किरकोळ कामे देऊन दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात. विश्वास बसला की 'मोठ्या टास्कसाठी' आधी रक्कम भरायला सांगतात. ती नफ्यासह परत मिळते. मग मोठी रक्कम भरली जाते आणि ती अडकते. सोडवायला आणखी मागतात, कधी कर म्हणून, कधी खाते गोठले म्हणून. केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अशा अर्धवेळ कामाच्या नावाखाली फसवणूक करणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केली, यावरून या धंद्याचा पसारा लक्षात यावा.

लेखक आणि विद्यार्थी यात ओढले जातात ते 'अभिप्राय लिहा', 'मजकूर लिहा' अशा शब्दांमुळे. पण तिथे लिहिलेल्या ओळी कोणी वाचत नसते. यातच आणखी एक धोका असतो. 'कंपनीचे पैसे तुमच्या खात्यात येतील, ते पुढे पाठवा आणि तुमचा वाटा ठेवा' असे सांगितले जाते. हे पैसे दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीतून आलेले असतात आणि चौकशीत खाते आपले निघते. कोणत्याही लेखनाच्या कामात दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यातून फिरवावे लागत नाहीत.

पैशाच्या देवाणघेवाणीतील दोन साध्या गोष्टी प्रत्येकाने पाठ कराव्यात. यूपीआयने पैसे स्वीकारताना पिन कधीच घालावा लागत नाही. पिन घातला की पैसे जातात. आणि प्राप्तिकर कापायचा असेल तर देणारा तो मोबदल्यातून कापतो आणि तशी नोंद आपल्या पॅनवर दिसते. 'आधी कराची रक्कम भरा, मग मानधन सोडतो' अशी पद्धत कुठेही नाही. ओळखपत्र द्यावेच लागले तर आधारचे शेवटचे चार अंक तेवढे दाखवणारी झाकलेली प्रत चालते. ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.

नोटीस आली तर

ज्यांनी पैसे किंवा सही दिली आहे त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. ते एका पक्षाचे म्हणणे असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय जास्तीत जास्त तेवढ्या मर्यादेत, वाजवी भरपाईच देऊ शकते. लिहिलेला आकडा आपोआप देय होत नाही. त्याच अधिनियमातील १७ आणि १९ या कलमांनुसार फसवून मिळवलेल्या संमतीचा करार फसवल्या गेलेल्या पक्षाला रद्द ठरवता येतो. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक हा गुन्हा आहे. म्हणजे कायद्याला घाबरण्याचे कारण समोरच्याला जास्त आहे.

करायच्या गोष्टी अशा. नवे पैसे देणे तत्काळ थांबवावे. संदेश, फोन क्रमांक, खात्याचे तपशील, करारपत्र यांच्या प्रती जपून ठेवाव्यात; रागाने काहीही पुसून टाकू नये. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर शक्य तितक्या लवकर कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधीच ती रोखण्याची शक्यता असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर लेखी तक्रारही करता येते. आपल्या बँकेलाही कळवावे. सर्वांत आधी मात्र घरच्या किंवा कॉलेजमधील एका तरी विश्वासाच्या माणसाला सांगावे.

पैसे न भरता मोजलेली किंमत

आगाऊ शुल्क नेहमी रुपयांतच मागितले जाते असे नाही. 'नमुना म्हणून आधी एक प्रकरण करून पाठवा' ही मागणीही शुल्कच आहे, ती श्रमात द्यायची असते इतकेच. अनुवाद संस्थांनी दोनशे-तीनशे शब्दांची चाचणी घेणे रूढ आहे आणि ती द्यायला हरकत नाही. पण दहा उमेदवारांना दहा वेगवेगळी प्रकरणे 'चाचणी' म्हणून वाटली तर अख्खे पुस्तक फुकटात अनुवादित होते. मजकूर हजार शब्दांच्या पुढे गेला की मोबदल्याची बोलणी करावी. समोरचा खरा असेल तर तो रागावत नाही.

आपल्या साहित्यव्यवहारातही याच्या शेजारचे एक उदाहरण आहे. प्रातिनिधिक कवितासंग्रहात कविता घेण्यासाठी 'सहयोग निधी' मागतात, पुरस्काराच्या प्रवेशिकेबरोबर शुल्क मागतात. एखाद्या कवीने हौसेने छपाईचा खर्च वाटून घेतला तर त्यात गैर काही नाही. ती छपाईची सेवा विकत घेणे झाले. फक्त तिला 'निवड' म्हणू नये, आणि विद्यार्थ्यांना तसे सांगू नये. पैसे भरून मिळालेल्या निवडीची सवय लागलेला तरुण पैसे भरून मिळणारे कामही सहज स्वीकारतो.

मग पैसा आणि वेळ कुठे घालावा

सुरुवातीला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी विनामूल्य आहेत, आणि आधी त्या साध्य कराव्यात. युनिकोडमध्ये वेगाने टंकलेखन करता यावे. इन्स्क्रिप्ट कळफलक संगणकात असतोच. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणून तपासता यावा. मोल्सवर्थचा १८५७ मधला मराठी-इंग्रजी कोश आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुले आहेत. अनुवादाची स्मृती जपणारे ओमेगाटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते.

दाखवण्यासारखे काम नाही ही नव्या माणसाची अडचण खरी आहे, आणि तीवर उपाय पैशांचा नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या २०१५ पासूनच्या खुल्या मंचावर बालकथांचा अनुवाद आपल्या नावाने प्रसिद्ध करता येतो. मराठी विकिपीडियावर लेख लिहिता येतात. गावातील वाचनालयाचा, मंडळाचा किंवा एखाद्या सामाजिक संस्थेचा अहवाल मराठीत करून देता येतो. अशी चार-पाच नेटकी उदाहरणे हाताशी असली की प्रकाशकाला किंवा अनुवाद संस्थेला थेट पत्र लिहावे. त्या अर्जाला पैसे पडत नाहीत.

आणि काम मिळाले की पैशाची गोष्ट आपण काढावी. मोठ्या कामात एक तृतीयांश किंवा निम्मी रक्कम आगाऊ मागणे व्यवसायात रास्त मानले जाते. दर शब्दामागे की पानामागे, मुदत किती, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कामानंतर किती दिवसांत, अनुवादक म्हणून नाव येणार की नाही, हे निदान ईमेलवर लिहून घ्यावे. आपल्यात 'मानधन' या शब्दाचा संकोच फार आहे. विचारले तर समोरच्याला काय वाटेल, असे वाटते. आगाऊ पैसे भरायला तयार होणारा तरुण आणि आगाऊ पैसे मागायला लाजणारा तरुण बहुधा एकच असतो.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. भाषेच्या तासाला आपण पत्रलेखन शिकवतो, जाहिरातलेखन शिकवतो. त्यातला एक तास अशा खऱ्या संदेशाच्या वाचनाला द्यावा. वर्गात एक जाहिरात घ्यावी आणि मुलांना तिच्यातील क्रियापदे शोधायला लावावीत: कोण काय 'देणार' आहे, कोण काय 'भरणार' आहे, कोणत्या वाक्यात कर्ताच नाही. 'नोंदणी करण्यात येईल', 'रक्कम परत करण्यात येईल' अशा प्रयोगांत करणारा माणूस दडलेला असतो, हे मराठीच्या विद्यार्थ्याला इतरांपेक्षा लवकर दिसायला हवे. मराठी शिकून पोट भरता येईल का, हा प्रश्न महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मुलांना रोज ऐकावा लागतो. त्यांतल्या एखाद्याने मराठीच्या नावावर पाच हजार रुपये गमावले तर त्याच्या घरात या प्रश्नाचे उत्तर कायमचे ठरून जाते. म्हणून मोबदल्यातून कापले जाणारे कमिशन समजून घ्यावे, शोधाच्या सोयीवर वहीत हिशेब ठेवून खर्च करावा, शिकण्यासाठी शिक्षक पाहून पैसे द्यावेत, आणि कामाची अट म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथेच बोलणे थांबवावे.